पॉलिसीत बसत नाही

सुदर्शन काळभोरचा कॉम्प्युटर सोमवारी सकाळी बोलता बोलता मध्येच गप्प झाला.

सुदर्शनला दिसत नाही. शाळेत असतानाच त्याची नजर हळूहळू कमी होत गेली आणि दहावीपर्यंत पूर्ण गेली. त्यानंतर तो शिकला, पदवीधर झाला, आणि आता हडपसरला शेतीचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी करतो. त्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावर जे असेल ते आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम. एका कानात फोनवरचा शेतकरी आणि दुसऱ्या कानात हा आवाज, तोही इतका भरभर की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू यावी. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं संपायच्या आत सुदर्शनने त्याच्या पंपाचा सगळा इतिहास ऐकलेला असतो. "मागच्या वर्षी सील बदललंत ना? मग आता पाणी गळतंय ते वरून की खालून?" असं तो विचारतो, तेव्हा समोरच्याला वाटतं, साहेब विहिरीवर येऊन गेलेत की काय. लोणी काळभोरच्या शेतकरी घरातला मुलगा. पंपाशी त्याची ओळख नोकरीच्या आधीची.

त्या सोमवारी इंदापूरकडचे एक गृहस्थ वैतागून सांगत होते की मोटर चालू केली की लगेच ट्रिप होऊन बंद पडते. सुदर्शन टाइप करत होता आणि दुसऱ्या कानातला आवाज एका शब्दाच्या मध्यावर तुटला. सकाळी मशीन सुरू करताना तो 'परवाना सापडला नाही' असं काहीतरी बोलला होता खरा, पण सुदर्शनने लक्ष दिलं नव्हतं. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर काहीबाही बोलतातच.

त्याने बटणं दाबून पाहिली. हेडफोनची पिन काढून परत घातली. शेवटी म्हणाला, "दादा, जरा थांबता का?"

"थांबतो की," इंदापूरकर म्हणाले. "पाणी तर तसंबी थांबलंयच."

शेजारच्या टेबलावर दीक्षा होती. परभणीहून शिकायला पुण्यात आलेली आणि इथेच नोकरीला लागलेली मुलगी. तिने येऊन मशीन बंद करून परत चालू केलं. आवाज आला. सुदर्शनने तक्रार नोंदवली, आणखी काही फोन घेतले. अर्धापाऊण तास गेला आणि आवाज पुन्हा तुटला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा अर्धापाऊण तास. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या लक्षात आलं की हे असंच चालणार आहे.

कंपनीच्या आयटी विभागाचा प्रमुख साईनाथ. विभाग म्हणजे जिन्याजवळची एक खोली, तिच्यात साईनाथ आणि भरपूर वायरी. सुदर्शन काठी टेकत तिथे गेला.

"हां, ते होय," साईनाथ म्हणाला. "रविवारी आपण सगळ्या मशीनवर फायरवॉलची नवीन सेटिंग्ज टाकली ना. त्याचाच इफेक्ट असणार."

झालं होतं असं, की पलीकडच्या गल्लीतल्या एका कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर कुणीतरी एका मेलमधून घुसून कुलूपबंद करून ठेवले होते. ती बातमी पसरल्यावर इथले मालक घाबरले. साईनाथने रविवारभर बसून प्रत्येक मशीनवर बंदोबस्त केला. आतापर्यंत कुठलाही प्रोग्राम नेटवर्कवर कुणाशीही बोलू शकत होता. आता साईनाथने ज्यांना परवानगी दिली तेच बोलणार, बाकी सगळे दारात अडवले जाणार. यात चूक काही नव्हतं. फक्त परवानग्या देताना सुदर्शनचा स्क्रीन रीडर कुणाच्याही लक्षात आला नव्हता.

"मग त्यालाही परवानगी देऊन टाका," सुदर्शन म्हणाला.

"लगेच नाही हो देता येत. अप्रूव्हल लागतं. तुम्ही असं करा, मला एक मेल टाका."

सुदर्शनने मोबाईलवर बोलून मेल लिहिला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आपली विनंती सध्याच्या सिक्युरिटी पॉलिसीत बसत नाही.'

त्याने स्क्रीन रीडर विकणाऱ्या लोकांना फोन लावला. तिथल्या बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "तुमचा परवाना तुमच्या ऑफिसमधल्याच सर्व्हरवर ठेवलेला आहे. तुमचं मशीन रोज सकाळी त्याला विचारतं, मला परवानगी आहे ना? तो हो म्हणतो. आता फायरवॉल तो प्रश्नच बाहेर जाऊ देत नाहीये. त्यामुळे प्रोग्रामला वाटतं आपण विनापरवाना चालतोय, आणि तो नमुन्यापुरता, अर्धापाऊण तास, चालून बंद पडतो. तुमच्या आयटीवाल्यांना फायरवॉलमध्ये एक रूल, म्हणजे परवानगीची नोंद, टाकायला सांगा. एवढंच."

एवढंच. सुदर्शन ते ऐकून परत जिन्याजवळच्या खोलीत गेला.

"अहो, असं एकेकाला दार उघडून द्यायला लागलो तर फायरवॉल कशाला ठेवायची?" साईनाथ म्हणाला.

"मी बाहेरचं दार मागत नाहीये, सर. ऑफिसातल्या ऑफिसात. माझ्या टेबलावरून तुमच्या या खोलीपर्यंत."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. टेक्निकली शंभर टक्के बरोबर आहे. पण पॉलिसी म्हणजे पॉलिसी. चहा घेणार?"

साईनाथ वाईट माणूस नव्हता. आवाज चढवायचा नाही, खुर्ची सरकवून द्यायचा, चहाला विचारायचा. सुदर्शनला याचाच जास्त संताप यायचा. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

त्या आठवड्यात सुदर्शनने मशीन किती वेळा बंद-चालू केलं याची गणती नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी शेतकरी फोनवर ताटकळत असायचा. काहीजण शिव्या द्यायचे आणि त्यांचं बरोबरच होतं. पिकाला पाणी नाही आणि कंपनीचा माणूस म्हणतो, कॉम्प्युटर सुरू होतोय. मग दीक्षा स्वतःचं काम बाजूला ठेवून त्याला पडदा वाचून दाखवायला लागली. सुदर्शनला ते आवडत नव्हतं, पण इलाज नव्हता.

गुरुवारी ती ऑफिसच्या पत्त्यावर आलेले त्याचे मेल वाचून दाखवत होती. एका डीलरचा झाला, एका गोदामाचा झाला, आणि पुढचा तिने त्याच सुरात वाचायला घेतला. "आपण कळवलेल्या स्थळाकडून निरोप आला आहे. मुलीच्या घरच्यांचं असं म्हणणं आहे की—" ती थांबली.

"सर, सॉरी. हा पर्सनल आहे."

सुदर्शनचे कान तापले. आजूबाजूची टेबलं शांत झाल्याचं त्याला ऐकू आलं. लोकांना वाटतं शांतता ऐकू येत नाही.

"वाच," तो म्हणाला. "अर्धं सगळ्यांना कळलंच आहे. उरलेलं मला तरी कळू दे."

तिने हळू आवाजात वाचलं. नकारच होता. कारण नेहमीचंच होतं. सुदर्शनला नकाराचं काही वाटलं नाही, त्याची सवय होती. पण तो नकार त्याने आजवर एकट्याने, हेडफोन लावून, स्वतःच्या कानात ऐकला होता. आता तो ऑफिसभर झाला होता आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनपर्यंत पोचणार होता. हे सगळं कशासाठी, तर साईनाथच्या खोलीतल्या सर्व्हरला एक प्रश्न विचारायची परवानगी नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी जयसिंग साहेबांनी बोलावलं. जयसिंग साहेब म्हणजे विभागाचे मॅनेजर. बोलणं अतिशय गोड आणि अतिशय स्वच्छ.

"या, सुदर्शन. खुर्ची तुमच्या उजव्या हाताला आहे. हां. मला सगळं कळलंय. आपण अजिबात टेन्शन घेऊ नका."

"साहेब, टेन्शन नाही. फक्त एक रूल टाकायचा आहे."

"हो, हो. साईनाथ बघतोय ते. पण या गोष्टींना वेळ लागतो. तोपर्यंत मी असं ठरवलंय की तुमचे कॉल बाकीच्यांना वाटून देतो. तुम्ही थोडे दिवस आराम करा."

"मी आजारी नाही, साहेब."

"तसं नाही हो. पगाराची काळजी करू नका, तो चालूच राहील. आणि तुमची जागा आपण इकडे घेऊ, माझ्या केबिनच्या बाहेर. तिथे एसी छान लागतो."

समोरचा माणूस इतका दयाळू झालेला असताना सुदर्शन भांडणार कुणाशी? तो बाहेर आला. दुपारपर्यंत त्याची खुर्ची केबिनबाहेर आणून ठेवली होती. कॉम्प्युटर आणला नव्हता. त्याचं काय काम होतं आता?

तो तिथे बसायला लागला. सकाळी यायचा, बसायचा, चहा यायचा, जेवायचा, परत बसायचा. पाहुणे यायचे ते त्यालाच विचारायचे, साहेब आहेत का. एकाने त्याच्या हातात माहितीपत्रक ठेवलं आणि त्याने ते तसंच धरून ठेवलं. सोलापूरचा एक डीलर जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "फार छान काम करताय हो तुम्ही." सुदर्शन त्या वेळी काहीही करत नव्हता. इतक्या वर्षांत त्याला मिळालेली ही पहिली शाबासकी होती.

पलीकडून त्याचे फोन दुसऱ्यांनी घेतलेले त्याला ऐकू यायचे. "नाही, सिस्टीममध्ये दिसत नाहीये. नाही, सांगता येणार नाही. तुम्ही डीलरशी बोला." विचार की त्याला, पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह तपासला का, असं सुदर्शनच्या तोंडावर यायचं. तो मुठी आवळून बसायचा.

तरी रोज सकाळी तो आधी जिन्याजवळच्या खोलीत डोकावायचा.

"काही झालं का, सर?"

"प्रोसेसमध्ये आहे."

संध्याकाळी बसने घरी गेला की आई, गोदाबाई, ओट्यावर बसलेली असायची. तिला त्याच्या पावलांवरून दिवस कसा गेला ते कळायचं. एका संध्याकाळी त्याने काठी इतक्या जोरात भिंतीला टेकवली की ती खाली पडली.

"दमलास का रं?" आईने विचारलं.

"बसून कोण दमतंय का? दिवसभर बसवून ठेवलंय मला. शोभेला."

वडील ज्ञानदेव आतून म्हणाले, "पगार देत्यात न्हवं? मग गप ऱ्हा की थोडं दिस. मोठ्या लोकांशी वाकडं घिऊ नगंस. एवढ्या कष्टानं नोकरी लागलीया ती टिकू दे."

"त्याला बसायचा पगार नगं हाय," गोदाबाई एकदम म्हणाली. "एवढं बी कळंना व्हय तुमास्नी? तुमच्या हातातलं खुरपं काढून घिऊन तुमाला कुणी बांधावर बसवलं अन् वर ताट वाढलं, तर ग्वाड लागंल का तुमाला?"

त्या रात्री सुदर्शन पोटभर जेवला.

पुढच्या आठवड्यात भारताची कसोटी चालू होती. ऑफिसात आधी अशा वेळी निम्म्या मशीनच्या कोपऱ्यात सामना चालू असायचा. नवी फायरवॉल आल्यापासून ते बंद झालं होतं आणि कॅन्टीनमध्ये त्याबद्दल बरीच हळहळ चालू होती. लोक मोबाईलवर चोरून धावा बघत.

दुपारची वेळ. सुदर्शन आपल्या खुर्चीत बसला होता. केबिनचं दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून त्याला एक आवाज ऐकू आला, बारीक केलेला, पण ओळखू येणारा. समालोचन. गोलंदाज धावत येतोय, चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, फलंदाजाने सोडून दिला. मग गर्दीचा गलका. मग जयसिंग साहेबांचा, स्वतःशीच काढलेला, "अरेरे!"

सुदर्शन ऐकत राहिला. हा मोबाईलचा आवाज नव्हता. तो आवाज कुठल्या पेटीतून येतोय हे त्याला कळतं. साहेबांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचे ते स्पीकर त्याने अनेकदा ऐकले होते.

दीक्षा फाईल घेऊन बाजूने चालली होती. त्याने तिला हाक मारली.

"दीक्षा, तुझ्या मशीनवर मॅच लागते का?"

"कुठली लागतेय सर! सगळंच ब्लॉक आहे."

"मग साहेबांच्या कशी लागते?"

ती खाली वाकून कुजबुजली. "सर, मी सांगितलं म्हणू नका. साहेबांच्या मशीनला सूट आहे. फायरवॉल टाकली त्याच सोमवारी साहेबांनी साईनाथ सरांना बोलावून ओपन करून घेतलं. सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं तुम्हालापण माहीत असेल."

सुदर्शनला माहीत नव्हतं. सोमवारी. म्हणजे ज्या सोमवारी तो शेतकऱ्यांना थांबवून मशीन परत परत सुरू करत होता, त्याच सोमवारी. ज्या दिवशी त्याला मेल टाका म्हणून सांगितलं, त्याच दिवशी साईनाथ इथे, या केबिनमध्ये येऊन, बसून, रूल टाकून गेला होता. सामन्यासाठी.

तो उठला. काठीसुद्धा घेतली नाही. दार ढकलून आत गेला.

"साहेब, किती झाले?"

आत समालोचन पटकन बंद झालं. "काय? कोण? सुदर्शन, दार वाजवून यावं माणसाने."

"स्कोअर विचारतोय, साहेब. बाहेर अर्धवट ऐकू येत होतं."

"हे बघा, जरा ब्रेक होता म्हणून..."

"तुमच्या मशीनवर मॅच चालते. पॉलिसीत बसते का ती?"

जयसिंग साहेबांचा आवाज पुन्हा गोड झाला. "अहो, ते वेगळं आहे. मॅनेजमेंटच्या मशीनला थोडी फ्लेक्झिबिलिटी द्यावी लागते. तुमचं टेक्निकल प्रकरण आहे. दोन्हींची गल्लत करू नका."

"वेगळंच आहे," सुदर्शन म्हणाला. "तुमची मॅच बाहेरून येते, थेट इंटरनेटवरून. माझा प्रोग्राम या इमारतीच्या बाहेर जात नाही. तुमची मॅच बंद पडली तर तुम्हाला स्कोअर कळत नाही. माझा प्रोग्राम बंद पडला तर मला काहीच कळत नाही. मी इथे येतो ते काम करायला, साहेब. तुम्ही मला दाराशी कुंडी ठेवावी तसं ठेवलंय."

"आवाज खाली घ्या."

"इतके दिवस खालीच होता."

बाहेर खुर्च्या सरकल्या. लोक उठून दाराशी येत होते ते त्याला ऐकू येत होतं. जयसिंग साहेबांनाही दिसत असणार.

"सुदर्शन, आपण इतके दिवस तुमच्याशी सहानुभूतीने वागलो..."

"ती नको होती हो. रूल हवा होता." त्याने हाताने चाचपून समोरची खुर्ची शोधली आणि तो बसला. "तो टाकेपर्यंत मी इथेच बसतो. मला नाहीतरी बसायचाच पगार आहे. बाहेर बसलो काय आणि इथे बसलो काय. एसी इथेही छान लागतो."

दारात कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं.

साहेबांनी फोन करून साईनाथला बोलावलं. साईनाथ धापा टाकत आला.

"साईनाथ, यांचं ते काम अजून का नाही झालं? काय चाललंय काय तुमच्या डिपार्टमेंटमध्ये?"

साईनाथ एरवी अशा वेळी 'सॉरी सर' म्हणाला असता. पण दारात अख्खा विभाग उभा होता, आणि कदाचित त्यालाही बरेच दिवस काहीतरी टोचत असावं.

"सर, मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "दोनदा विचारलं. अप्रूव्हल तुमचंच लागतं. तुम्ही म्हणालात, बघू, त्यांचे कॉल तर दुसरे घेतायत, घाई काय आहे."



सुदर्शनला आतापर्यंत वाटत होतं की पॉलिसी नावाची काहीतरी एक भिंत आहे, कुठेतरी लिहिलेली, कुणीतरी विचार करून बांधलेली, आणि आपण तिच्यावर डोकं आपटतोय. तशी भिंत कुठेच नव्हती. एक माणूस होता, त्याला घाई नव्हती. एवढंच होतं ते.

"आणि तुम्ही मला काय सांगितलंत?" तो साईनाथच्या आवाजाच्या दिशेला वळून म्हणाला. "रोज विचारायला येत होतो ना मी? पॉलिसी म्हणालात. प्रोसेस म्हणालात. साहेबांनी अडवलंय एवढे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत?"



"टाका," जयसिंग साहेब म्हणाले. "टाका तो रूल. आत्ता टाका."

साईनाथने तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. सुदर्शन ऐकत बसला. काही बटणं वाजली. माऊसचा टिकटिक आवाज झाला. साईनाथ स्वतःशी पुटपुटला, "प्रोग्राम निवडला... पोर्ट हे... फक्त आतल्या नेटवर्कला... अलाऊ." मग त्याने सर्व्हरवर तसंच काहीतरी केलं. मग म्हणाला, "झालं."

साहेबांच्या टेबलावरचा चहा अजून वाफाळत असावा, आल्याचा वास येत होता.

सुदर्शनला वाटलं होतं की झालं म्हटल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. उलट संताप आला, आधीच्या सगळ्या संतापापेक्षा मोठा. हे काम अवघड असतं, त्याला तज्ज्ञ बोलवावे लागले असते, यंत्र मागवावं लागलं असतं, तर त्याने समजून घेतलं असतं. एवढ्यासाठी त्याचं खासगी पत्र ऑफिसभर वाचलं गेलं. एवढ्यासाठी लोक त्याच्या खांद्यावर थोपटून गेले. एवढ्यासाठी त्याने घरी बापाचं ऐकून घेतलं. यांना एवढंसुद्धा करावंसं वाटलं नाही.

त्याने आभार मानले नाहीत. तो उठला आणि आपल्या जुन्या टेबलाकडे चालू लागला. लोकांनी वाट दिली. कुणीतरी त्याची खुर्ची मागोमाग आणून ठेवली. त्याने मशीन सुरू केलं, हेडफोन लावला, आणि तो किरकिरा, यांत्रिक, भरभर बोलणारा आवाज कानात सुरू झाला. अर्धापाऊण तास गेला. तास गेला. आवाज तुटला नाही. सुदर्शनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याचाही त्याला राग आला.

हे प्रकरण इथे मिटलं असतं. पण पंधरवड्याने कंपनीच्या मुख्य कार्यालयातून त्याला मेल आला. दिव्यांग दिनानिमित्त कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेत त्याच्यावर एक पान करायचं ठरलं होतं. जयसिंग साहेबांनी त्याचं नाव सुचवलं होतं. मथळाही ठरलेला होता: 'तंत्रज्ञानाच्या साथीने, सर्वांच्या सोबतीने'. त्याने कंपनीने दिलेल्या विशेष सुविधांबद्दल चार ओळी लिहून पाठवाव्यात आणि फोटोसाठी बुधवारी फिका शर्ट घालून यावं.

सुदर्शनने तो मेल दोनदा ऐकला. मग हेडफोन काढून दीक्षाला म्हणाला, "यांना लाज नावाची चीज पुरवायला कुठला प्रोग्राम लागतो गं?"

"सर, नका ना डोकं फिरवून घेऊ. डिलीट करा."

"डिलीट कशाला? चार ओळी मागितल्यात, देतो."

आणि त्याने लिहिल्या. 'नवीन फायरवॉलमुळे माझा स्क्रीन रीडर बंद पडला. तो सुरू करणं काही मिनिटांचं काम होतं. ते होत नव्हतं, तेव्हा मला केबिनबाहेर बसवून ठेवलं होतं, आणि केबिनमधल्या कॉम्प्युटरवर क्रिकेट चालू होतं. यापुढे मला विशेष सुविधा नको, वेळेवर परवानगी हवी.' खाली नाव, हुद्दा. मेलची एक प्रत मालकांना, एक जयसिंग साहेबांना. वडिलांचं म्हणणं त्याला आठवत होतं, नोकरी टिकू दे. त्याने पाठवायचं बटण दाबलं.

नोकरी गेली नाही. पत्रिका निघाली, तिच्यात त्याच्याऐवजी वृक्षारोपणाचं पान होतं. मालकांकडून उत्तर काही आलं नाही. आला तो एक आदेश, सगळ्या विभागांसाठी, कुणाचंही नाव न घेता: कुठल्याही मशीनला दिलेली सूट लेखी असावी आणि तिचं कारण लेखी असावं. जयसिंग साहेबांच्या केबिनमधून त्यानंतर समालोचन ऐकू आलं नाही. ते सुदर्शनशी बोलायचेही बंद झाले. समोरून जाताना नुसती मान हलवतात, असं दीक्षा सांगते. ती मान कुणासाठी हलवतात, देव जाणे.

पुढच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी साईनाथचा फोन आला.

"सुदर्शन, या रविवारी फायरवॉलचे रूल परत बदलायचे आहेत. म्हटलं, आधी तुमच्या मशीनवर टाकून बघू. तुम्ही असतानाच. आत्ता वेळ आहे का?"

सुदर्शनने हो म्हटलं. साईनाथ लॅपटॉप घेऊन आला आणि शेजारी बसला. त्याने नवीन सेटिंग्ज टाकली, मशीन बंद करून सुरू केलं. सुदर्शनच्या कानात आवाज म्हणाला, परवाना सापडला नाही.

"गेला," सुदर्शन म्हणाला.

"गेला? थांबा." साईनाथ वाकून बघत राहिला. "हां. या वेळी नव्या सेटिंग्जनी आतलं नेटवर्कच बाहेरचं म्हणून धरलंय. त्यामुळे आपला रूल लागूच होत नाहीये. बरं झालं बघितलं." त्याने काहीतरी बदललं, परत मशीन सुरू केलं. आवाज सुरळीत बोलायला लागला. दोघं तासभर तिथेच बसून राहिले, तुटतो का ते ऐकत. साईनाथने मधे एकदा विचारलं, "एवढ्या स्पीडने तुम्हाला कळतं कसं हो?" सुदर्शन म्हणाला, "तुम्हाला वाचताना कळतं तसं."

जाताना साईनाथ दाराशी थांबला. "त्या वेळचं... मी सांगायला हवं होतं तुम्हाला."

"हो," सुदर्शन म्हणाला. "हवं होतं."

तो आणखी काही बोलेल म्हणून साईनाथ उभा राहिला असावा, कारण त्याची पावलं लगेच वाजली नाहीत. पण सुदर्शनच्या दुसऱ्या कानात फोन वाजत होता, आणि त्याने तो घेतला.